डिस्क ब्रेकविषयीचे काही प्रवाद

धारूरहून तेलगावकडे उतरणाऱ्या घाटात किंवा मांजरसुंब्याच्या उतारावर जुनी स्पोर्ट्स कार क्वचितच नजरेस पडेल. १९६२ साली निघालेली एमजीबी किंवा तिच्या एक वर्ष आधीची जग्वार ई-टाइप ही मुंबई-पुण्याकडच्या शौकिनांची दौलत. तथापि त्या मोटारींच्या चाकामागे जी बिडाची डिस्क आणि तिला दोहों बाजूंनी आवळणारा जो कॅलिपर असतो, त्यांची तत्त्वे गेवराईच्या बाजारात उभ्या असलेल्या मोटारसायकलीच्या ब्रेकहून निराळी नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्या दुखण्यांविषयीचे प्रवादही सर्वत्र सारखेच आहेत. या प्रवादांचे मूळ बहुधा एकच: जिथे तक्रार जाणवते तिथेच कसूर असली पाहिजे, ही आपली समजूत.

ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरू लागले की ‘डिस्क वाकली’ असा फैसला मिस्त्री उभ्या उभ्या देतो आणि डिस्क लेथवर रवाना होते. वास्तविक, रस्त्यावरच्या वापरात तापून बिडाची डिस्क वाकणे हा विरळा प्रकार होय. बहुधा घडते ते असे की, पॅडचे द्रव्य डिस्कच्या पृष्ठावर कमीजास्त चिकटून, अथवा हबच्या बैठकीवर साचलेल्या गंजाच्या पापुद्र्यामुळे डिस्क किंचित तिरपी फिरत राहून, तिच्या जाडीत मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांचा फरक पडतो, आणि एवढा अल्प फरकही हातापायांना जाणवतो. पावसाळाभर झाकून ठेवलेल्या मोटारीत तर पॅड जिथे टेकले होते तिथे त्यांच्याच आकाराचा काळा ठसा उमटलेला दिसतो. तेव्हा तपासाचा शिरस्ता असा असावा: डिस्क उतरवून हबची बैठक तारेच्या ब्रशने धातू उघडा पडेपर्यंत घासावी, डिस्क पुन्हा आवळून डायल गेजने तिचा डोल मोजावा, आणि मायक्रोमीटरने परिघावर सात-आठ ठिकाणी जाडी घ्यावी. डोल दहा शतांशांच्या वर गेला, तरी डिस्क एक भोक पुढे सरकवून बसवल्याने तो पुष्कळदा कमी होतो. हबवरचा गंज तसाच ठेवून कातलेली डिस्क पुन्हा त्याच तिरपेपणाने बसते. आणि किमान जाडीची मर्यादा ओलांडली, की ती भंगारात जमा करण्याखेरीज गत्यंतर नाही.

मोटार डावीकडे ओढू लागली की डाव्या चाकावर संशय घेण्याची रीत आहे. पण ती केवळ ब्रेक दाबल्यावरच डावीकडे जात असेल, तर डावा कॅलिपर इमानेइतबारे आपले काम करीत असून उजव्याचा पिस्टन गंजून अडकला असण्याचा संभव अधिक. याउलट, ब्रेक सोडल्यावरही एखादे चाक धरूनच राहिले, तर ‘आतली स्प्रिंग तुटली’ असे सांगणारे भेटतात. आणि गंमत अशी की, एमजीबीसारख्या मोटारीच्या कॅलिपरमध्ये पिस्टन मागे ओढणारी स्प्रिंग मुळी नसतेच. पिस्टनाभोवती चौकोनी छेदाचे जे रबरी कडे असते, ते दाबाखाली पिस्टनाबरोबर किंचित पिळवटते आणि दाब सरताच पूर्ववत होताना पिस्टनाला केसभर मागे आणते. पिस्टनावरचा क्रोमचा मुलामा उडून तिथे गंज धरला, की या कड्याचे काही चालत नाही.

परंतु पिस्टनालाही घाईने दोष देऊ नये. जुना रबरी होज बाहेरून धडधाकट दिसत असताना आतून फुगून बुजत जातो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जाऊ देतो, परतीची वाट मात्र अडवतो. चाक अडकलेले असतानाच ब्लीडर निपल पाव फेरा सैल करावा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर कसूर होजची किंवा त्यामागच्या मास्टर सिलिंडरची. न झाले, तर कॅलिपरची. होजच्या अलीकडचा जोड सैल करून पहिल्या दोघांतला निवाडाही करता येतो. इतका स्वस्त पुरावा हाताशी असता लोक आधी नवा कॅलिपर मागवतात, याचे नवल वाटते.

घाटातला मामला वेगळा. उतार संपत येताना पेडल एकाएकी पोकळ लागले की ‘ऑइल कमी झाले’ म्हणून त्याची टाकी भरली जाते. वस्तुतः ऑइल उकळलेले असते. ग्लायकोलयुक्त ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे कोरे ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, पण पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते, आणि डॉट ४ ची २३० वरून १५५ वर. वाफ दाबाने आकसते, द्रव आकसत नाही. म्हणून पेडल तळाला जाते, आणि थंड झाल्यावर जणू काही घडलेच नाही असे पुन्हा कठीण लागते. शौकाची मोटार या बाबतीत अधिक धोक्यात असते, कारण ‘गाडी चाललीच कुठे’ या सबबीवर तिचे ऑइल वर्षानुवर्षे बदललेच जात नाही. ओलावा काही किलोमीटर मोजून शिरत नाही. दोन वर्षांनी ऑइल बदलावेच. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा ट्रकचालकांचा जुना नियम स्पोर्ट्स कारलाही लागू आहे.

तापलेल्या चाकावर बादलीभर पाणी ओतण्याची चाल मात्र निखालस घातक; तप्त बिडाला अशाने तडे जातात. सपाटीवर ब्रेक न लावता सावकाश चालत राहिल्यास वाऱ्यानेच डिस्क निवते. भोके पाडलेली डिस्क हमखास थंड राहते, हा समजही तितकाच पोकळ: भोकांनी उष्णता साठवणारा धातू घटतो आणि चिरा तिथूनच सुरू होतात.

जग्वार ई-टाइपच्या मालकाला आणखी एक इशारा द्यावयास हवा. तिच्या मागच्या डिस्क चाकात नसून आत, डिफरन्शिअलला लागून आहेत. त्यांच्या उष्णतेने डिफरन्शिअलचे ऑइल सील कडक होतात, गळलेले ऑइल पॅडवर चढते, आणि मालक पॅडमागून पॅड बदलत बसतो. तिथवर पोहोचण्यासाठी बहुधा मागचा सारा सांगाडाच खाली उतरवावा लागत असल्याने, एकदा तो उतरवलाच, तर पॅडबरोबर सीलही नवे घालूनच वर चढवावा.