गाडीत सिनेमा जरूर बघा, पण घरी लावायचा फोन जिवंत ठेवा!



१६ जून ते १५ ऑगस्ट आपली मासेमारी बंद. जाळी घरात जातात, डोंगे काठावर उलटे पडतात, आणि वर्षभर राहून गेलेले प्रवास याच दोन महिन्यांत निघतात. कोणी पंढरपूरला, कोणी मुंबईला लेकीकडे, कोणी खंडव्याला सोयऱ्यांकडे. गाडीत बसलं की हातात मोबाईल आणि मोबाईलवर सिनेमा. म्हणूनच दरवर्षी बंदी लागली की एक प्रश्न येतोच: "प्रवासात व्हिडिओ बघायला वेगळं काही घ्यावं का? घ्यायचं तर काय?"

उत्तराआधी गेल्या पावसाळ्यात आपल्याच एका भावाचं काय झालं ते ऐका. नाव सांगत नाही, पण हे लिहा असं त्यांनीच सांगितलंय.

भाऊ मुंबईहून रात्रीच्या गाडीने बऱ्हाणपूरला परत येत होते. त्याच पहाटे तळ्यावर बोटुकलीची गाडी यायची होती. आठ जणांनी मिळून पैसे भरलेले. ड्रायव्हरला तळ्याचा रस्ता ठाऊक नव्हता, तो फोन करून विचारणार होता. इकडे भाऊंनी गाडीत लागोपाठ दोन सिनेमे बघितले. मग चार्जर लावायला गेले तर सॉकेटमध्ये करंट नाही. भुसावळ यायच्या आधीच फोन बंद. बीजाची गाडी सकाळी सहापासून नऊपर्यंत रस्त्यावर उभी राहिली. पावसाने उघडीप दिली होती, ऊन तापलं, पिशव्यांतला ऑक्सिजन संपत आला. तळ्यावर पोचेपर्यंत अर्धी बोटुकली उलटी झाली होती.

चूक सिनेमाची नव्हती. करमणूक आणि काम एकाच बॅटरीवर टाकलं, तिथे घोटाळा झाला. आज तिकीट फोनमध्ये, पैसे फोनमध्ये, व्यापाऱ्याचा भाव फोनवर, आणि अडचण आली तर ११२ किंवा रेल्वेचा १३९ सुद्धा फोनवरूनच लावायचा. म्हणून आमचं म्हणणं एवढंच: प्रवास लांबचा असेल तर व्हिडिओची बॅटरी वेगळी ठेवा.

आता काय घ्यायचं ते बघू.

१) घरातला जुना स्मार्टफोन
आमच्या मते सगळ्यात चांगला आणि फुकटातला प्लेअर हाच. सिम काढा, नको ते ॲप काढा, मेमरी कार्ड घाला. नेटवर्क शोधायचं काम नसल्यामुळे, फ्लाइट मोडवर ठेवला की बॅटरी जास्त टिकते. स्क्रीनच्या कोपऱ्याला तडा असला तरी चालतो. मात्र बॅटरी फुगलेली असेल, मागचं झाकण उचललं गेलं असेल, तर तो फोन प्रवासात अजिबात नेऊ नका. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

२) टॅबलेट
दोन-तीन पोरं सोबत असतील तर ८ ते १० इंचाचा टॅबलेट बरा. सगळ्यांना एकत्र दिसतं, भांडण नाही. फक्त बघायलाच पाहिजे असेल तर सिमवाला घेऊ नका, वायफायवाला स्वस्त पडतो. घेताना मेमरी कार्डाची जागा आहे का ते बघा, काही टॅबलेटमध्ये ती नसतेच.

३) पोर्टेबल डीव्हीडी प्लेअर
१९९८ मध्ये पॅनासॉनिकने असला पहिला प्लेअर काढला तेव्हा मोठं नवल होतं. आज कोणी स्वस्तात देतोय म्हणून घेऊ नका. गाडीचे झटके बसले की डिस्क अडखळते, आणि डिस्कची थैली वेगळी सांभाळावी लागते. एका साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. नखाएवढ्या ६४ जीबीच्या कार्डात अशा डझनभर डीव्हीडी बसतात. घरात आधीच डिस्कचा साठा असेल, तेव्हाच याचा विचार करा.

४) बाजारातले छोटे 'व्हिडिओ प्लेअर'
जत्रेत, स्टेशनबाहेर मिळतात. स्क्रीन बारीक, आणि नवीन फाइल बऱ्याचदा चालत नाही: आवाज येतो, चित्र येत नाही. कारण नवे व्हिडिओ एच.२६५ पद्धतीने दाबून लहान केलेले असतात आणि जुन्या यंत्राला ती पद्धत समजत नाही. त्याला एच.२६४ वाली एमपी४ फाइल लागते. घ्यायचाच असेल तर तुमचं कार्ड सोबत न्या, तुमची फाइल दुकानातच लावून बघा, मगच पैसे द्या.

दुकानात काय तपासायचं?

• उजेड: दुकानातून बाहेर या, उन्हात स्क्रीन बघा. खिडकीपाशी बसल्यावर तेच होणार आहे.
• आवाज: इअरफोन लावून बघा. डब्यात मोठ्याने लावणं बरं नाही, रेल्वेचीही मनाई आहे.
• चार्जिंग: पिन तुमच्या फोनचीच असेल तर उत्तम. एकाच वायरीत काम भागतं.
• बॅटरी: डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. अर्धा तास व्हिडिओ लावा आणि किती टक्के उतरली ते बघा. ५ टक्के उतरली तर हिशेबाने दहा तास. बऱ्हाणपूर ते मुंबई साधारण पाचशे किलोमीटर, आठ तास तरी धराच, वर गाडी उशिरा.

पॉवर बँकेचा हिशेब

१०,००० एमएएच लिहिलेली पॉवर बँक ५,००० च्या फोनला दोनदा भरेल असं वाटतं. प्रत्यक्षात साधारण दीड वेळाच भरते, बाकीचं उष्णतेत आणि व्होल्टेज बदलण्यात जातं. ती आधी कामाच्या फोनसाठी, उरली तर प्लेअरसाठी. गाडीतल्या सॉकेटवर विसंबू नका: आगीच्या भीतीने रात्री ११ ते पहाटे ५ ते बंद ठेवतात, आणि जनरल डब्यात गर्दीतून तिथे हात पोचत नाही.

व्हिडिओ घरूनच भरून घ्या

सातपुड्यातून गाडी जाते तिथे नेटवर्क तुटतं, धरणाच्या काठावर तर विचारूच नका. शिवाय नेटवरून बघताना बॅटरी लवकर उतरते. निघायच्या आदल्या रात्री कार्डात भरा. फोनच्या स्क्रीनला ४८०पी पुरेसं आहे, तासाला साधारण अर्धा जीबी लागतो. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल सहसा बसत नाही, तेव्हा कार्ड बिघडलं असं समजू नका. यूट्यूबमध्ये डाउनलोड केलेलं त्याच ॲपमध्ये चालतं, दुसऱ्या यंत्रात जात नाही. आणि काही दिवसांनी ते पुन्हा इंटरनेट मागतं.

कार्ड ओळखीच्या दुकानातून, पावतीसह घ्या. फारच स्वस्तात ५१२ जीबी मिळत असेल तर ते बहुतेक नकली. आत जागा कमी असते, वर आकडा मोठा दाखवतात, आणि निम्मे सिनेमे मध्येच अडकतात.

थोडी जागा कामाच्या व्हिडिओंना ठेवा. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिवस. १९५७ मध्ये याच दिवशी इंजेक्शन देऊन कार्प माशांचं बीज तयार करण्यात देशात पहिल्यांदा यश आलं. ते इंजेक्शन कुठे आणि कसं द्यायचं, हे दहा पानं वाचून कळत नाही, पाच मिनिटं बघून कळतं.

पाणी आणि ऊन

आपले हात ओले, पिशवीत बर्फाची पेटी. तेव्हा प्लेअर पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा. 'आयपी६७' लिहिलेलं यंत्र एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास तग धरतं, पण फोन जुना झाला की तो भरवसा उरत नाही. भिजलेल्या फोनला लगेच चार्जर लावू नका, पूर्ण सुकू द्या. तांदळाच्या डब्यात पुरूनही काही होत नाही. आणि आपल्याकडचा मे महिना ठाऊकच आहे: पिकअपच्या काचेखाली प्लेअर ठेवला की बॅटरी गेलीच. पिकअप चालवणाऱ्याने आणि डोंगा वल्हवणाऱ्याने तर बघूच नये.

ते भाऊ यंदाही मुंबईला जाणार आहेत. बायकोचा जुना फोन त्यांनी प्लेअर केलाय, सिनेमे भरून झालेत. आणि बीजाच्या ड्रायव्हरला यावेळी एक नाही, तीन जणांचे नंबर दिलेत.

तुमच्या घरात असा एखादा जुना फोन कपाटात पडला असेल. आज काढा, चार्ज करून बघा. कार्डात फाइल भरता येत नसेल तर संस्थेच्या ऑफिसात घेऊन या, आपली पोरं भरून देतील.

प्रवास सुखाचा होवो!