होड्या मोजाव्या की चुली?

आपत्तीत सापडलेल्या माणसाला प्रथम अन्न हवे असते, मग निवारा; परंतु महिना लोटला म्हणजे त्याला हवे असते ते काम. हे काम पुन्हा उभे करून देणे, यालाच उपजीविकेचे पुनर्वसन म्हणतात. मदतसंस्थेच्या वतीने त्यावर जागेवर जाऊन देखरेख ठेवणाऱ्याने नेमके काय पाहावयाचे असते, हे २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्याने शिकविले.

२६ डिसेंबर २००४ रोजी एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात ६,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कोळ्यांच्या होड्या फुटल्या, जाळी वाहून गेली. देशोदेशींच्या संस्था धावून आल्या आणि त्यांनी होड्या दिल्या. होडी मोजता येते, तिचे छायाचित्र घेता येते, देणगीदाराचेही समाधान होते. ओंडके बांधून केलेल्या जुन्या कट्टुमरमच्या जागी यंत्र बसविलेल्या फायबरच्या होड्या आल्या; कित्येक गावांत त्यांची संख्या पूर्वीपेक्षाही वाढली. पण होड्या वाढल्या म्हणून समुद्रातील मासळी वाढत नाही. वाढतो तो तेलाचा व दुरुस्तीचा खर्च. शिवाय खलाशीच मालक झाला, म्हणजे होडीवर हात कमी पडतात.

दुसरा दोष याहून गंभीर होता. डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकणारी स्त्री, खाऱ्या पाण्याने नासलेल्या शेतावरचा मजूर, खाडीत हातांनी कोळंबी पकडणारे इरुळर, यांचीही मिळकत बुडाली होती. परंतु नुकसानीच्या यादीत ते सहजासहजी येत नव्हते. कारण फुटलेली म्हणून दाखवावयास त्यांच्यापाशी होडीच नव्हती.

म्हणूनच जाणता पर्यवेक्षक लाभार्थींची यादी साऱ्या गावासमोर वाचवून घेतो. पंचांशी बोलून झाल्यावर स्त्रियांना वेगळे भेटतो. वस्तू ताब्यात घेण्यापूर्वी तिचा दर्जा तपासतो. शेजारच्या गावात दुसरी संस्था काय देत आहे, याची चौकशी करतो. नागपट्टिणम येथे जिल्हा प्रशासनाच्या सहकार्याने स्वयंसेवी संस्थांचे समन्वय केंद्र उघडावे लागले, ते याचसाठी. पुढे तो घराचा जमाखर्च विचारतो : एका फेरीत मासळी किती मिळाली, तेलाला किती गेले, व्यापाऱ्याचे देणे किती, घरात उरले काय? आणि ईशान्य मोसमी पावसात समुद्र खवळतो, तेव्हा त्याच घरी पुन्हा जातो. कारण भर हंगामातील कमाईवरून वर्षाचा अंदाज बांधता येत नाही.

‘वाटप पूर्ण’ असा शेरा अहवालात पडला, म्हणजे संस्थेचा हिशेब मिटतो. त्या कुटुंबाचा हिशेब मात्र तेथून सुरू होतो. वर्षाअखेर नवे कर्ज न काढता त्याची चूल पेटत असेल, तरच त्या मदतीला उपजीविकेची मदत म्हणता येईल.