जात्यावरची सीता

भाटघर धरणाच्या वरच्या अंगाला, भोर-वेल्ह्याच्या डोंगरात, पूर्वी पहाटे घरोघरी जातं फिरायचं. दोघी समोरासमोर बसायच्या, खुंटा धरायच्या, मुठीमुठीनं घास टाकायच्या आणि ओव्यांतून रामायण गायच्या. त्यात सिंहासनापेक्षा सीतेच्या वनवासाला जागा जास्त.

आवडत्या पात्रांची पुढची गोष्ट चाहत्यांनीच रचायची, याला आज फॅन फिक्शन म्हणतात. अमेरिकेत १९६६ साली ‘स्टार ट्रेक’ ही मालिका सुरू झाली आणि १९६७मध्ये दोघी चाहत्यांनी ‘स्पॉकनेलिया’ नावाचा अंक काढला. पुढे असे संग्रह वाढले. एकाच पुस्तकात चार मालिका आणि दोन कार्टून सुखानं नांदू लागली. २००९ साली खुल्या झालेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या संग्रहाला २०१९मध्ये विज्ञानकथाविश्वातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. पैशाची अपेक्षा न ठेवता लिहिणाऱ्या या मंडळींत बायका पुष्कळ. आपल्या मावळात हेच काम अक्षरओळख नसलेल्या बायकांनी कितीतरी आधी केलं, असं माझं ठाम मत आहे.

एक प्रसंग बघा. लंकेहून आलेल्या सीतेला कैकेयी विचारते, रावण दिसायला कसा गं? सीतेनं मान वर करून त्याला कधी पाहिलेलंच नसतं. नजरेला पडला तो पायाचा अंगठा. आग्रहाखातर ती तेवढाच भिंतीवर काढते. उरलेला रावण कैकेयी पुरा करते आणि रामाला बोलावून दाखवते. वाल्मीकींच्या रामायणात हा प्रसंग नाही. भरल्या घरात संशय कसा पेरला जातो, हे नांदणाऱ्या बाईनं आपल्या अनुभवानं तिथं भरलं आहे. पुढे वनात टाकलेली सीता रडते, तेव्हा तिची समजूत घालायला बोरी-बाभळी बायका होऊन येतात. माहेरचं कुणी जवळ नसलेल्या बाळंतिणीचं दुःख याहून नेमकं मी कुठं वाचलेलं नाही.

विठ्ठलाचंही तसंच. जनीबरोबर तो दळायला बसतो आणि रुक्मिणीच्या पोटात दुखतं. पंढरपूरच्या देवळाला एकदम संसार चिकटतो. कधी गाणारीचा भाऊ आणि राम एकाच ओवीत शेजारी येतात. दोन मालिकांची पात्रं एका कथेत आणणारे आजचे चाहते यालाच क्रॉसओव्हर म्हणतात.

या ओव्यांचा संग्रह उभा राहिला तो हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांमुळे. मुळशी, मावळ, वेल्हे, भोर अशा तालुक्यांतून सुरू झालेलं त्यांचं काम महाराष्ट्रभर पसरलं आणि लाखाहून जास्त ओव्या जमल्या. नव्वदीच्या दशकात त्यांतल्या काहींचं ध्वनिमुद्रणही झालं. ओव्यांची मांडणी विषयवार आहे. सीता म्हटलं की गावोगावच्या सीता एकत्र भेटतात, आणि ओवीपाशी गाणारीचं नाव-गावही असतं. लोकसाहित्य निनावी असतं हे आपण शाळेपासून ऐकलेलं. इथं मात्र गाणारीला तिचं नाव मिळालं, हे मला या कामातलं सगळ्यात मोठं वाटतं. २०१७पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं या ओव्या ध्वनिफितींसह लोकांपुढे आणल्या आहेत.

पिठाच्या गिरण्या आल्या आणि रोजचं दळण थांबलं. हळदीला जातं पुजतात तेव्हा चार ओव्या अजून होतात, आणि म्हाताऱ्या बायकांना विचारलं तर त्या जात्यावाचूनही सीतेची गोष्ट पुढे नेतात.