पोकलेन कुठलं घ्यायचं? आधी पार्टच्या काउंटरवर जा

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर, बोलण्यातली अडखळ तेवढी काढलीय.)

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, वडील दोन एकर तारण ठेवायला तयार झालेत. वीस टनी पोकलेन घ्यायचंय. कुठली कंपनी चांगली?" मेसेज बारा सेकंदांचा, पण पणाला लागलीय ती घरची जमीन. म्हणून आजचा अख्खा भाग यावरच.

जाता जाता एक गंमत. पोकलेन हे मशीनचं नाव नाहीच मुळी, ते एका फ्रेंच कंपनीचं नाव. तिच्या सहकार्याने एल अँड टीने भारतात एक्स्कॅव्हेटर बनवले आणि आपण सगळ्याच मशीनला पोकलेन म्हणायला लागलो. जेसीबीचं झालं तसंच. म्हणजे नाव डोक्यात बसलं की माणूस पुढचं विचारत नाही.

आता माझ्या मामांचं सांगतो. पाटणच्या बाजूला त्यांचं मशीन चालायचं. शेततळी, सपाटीकरण, विहिरी. कंपनीचं नाव घेत नाही. ऐन मे महिन्यात मशीनची ताकद गेली. इंजिन चालू, पण बकेट भरून बूम उचलताना दम तोडायचं. बिघाड निघाला डिझेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरमध्ये. वस्तू काडेपेटीएवढी. पण बिघाड ओळखायला लॅपटॉपवाला इंजिनिअर लागतो, तो पाचव्या दिवशी आला. सेन्सर शाखेत नव्हता, तो यायला आणखी चार दिवस. एकूण नऊ.

हिशोब करा. समजा डिझेल वगळून ताशी १,००० रुपये सुटतात आणि दिवसाला ८ तास काम आहे. नऊ दिवसांचे झाले ७२,०००. ऑपरेटरचा पगार चालूच, हप्ता चालूच. आणि गिऱ्हाईक काय नऊ दिवस थांबतंय? पाऊस तोंडावर आलेला, त्यांनी दुसरं मशीन बोलावलं. ते गिऱ्हाईक मामांकडे परत आलंच नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : मशीन बंद पडणार की नाही हा प्रश्नच सोडा. प्रत्येक कंपनीचं पडतं. बंद पडल्यावर तुमच्या गावात किती दिवसांत चालू होतं, ते बघून कंपनी निवडा.

पार्टचे दोन प्रकार असतात, हे नीट समजून घ्या. बकेटचे दात, पिन-बुश, रोलर, ट्रॅकची चेन, होज पाइप : हे झिजणारं सामान. चालू मॉडेलचं असेल तर बाहेरच्या दुकानातही मिळतं, होज तर तालुक्याच्या ठिकाणी दाबून मिळतो. दुसरा प्रकार म्हणजे कंट्रोलर, सेन्सर, मेन पंप, कंट्रोल व्हॉल्व्ह. इथे डीलरशिवाय गत्यंतर नाही. घोडं अडतं ते इथेच.

मग तपासायचं कसं? शोरूममध्ये चहा पिऊन कळत नाही. डीलरच्या पार्ट काउंटरवर जा. पाच वस्तू कागदावर लिहून न्या : हायड्रॉलिक फिल्टर, डिझेलचा सेन्सर, ट्रॅव्हल मोटरचं सील किट, स्विंग मोटरचं सील किट, कंट्रोलर. प्रत्येकाची किंमत विचारा आणि आत्ता शेल्फवर आहे का ते विचारा. "मागवून देतो" म्हणाले, तर कुठून आणि किती दिवसांत, ते लिहून घ्या. मग रविवारी सकाळी सर्व्हिसच्या नंबरला फोन लावून बघा. उचलतात का? तुमच्या जिल्ह्याला इंजिनिअर किती, आणि ते राहतात कुठे?

"पण कारखाना जवळ असेल तर बरं ना?" असं खूप जण विचारतात. जेसीबीचा कारखाना तळेगावला, ह्युंदाई आणि सॅनीचा चाकणला, टाटा हिताचीचा धारवाडला. जवळ आहेत, खरंय. पण पार्ट कारखान्याच्या गेटवर मिळत नाही, डीलरच्या गोडाऊनमधून मिळतो. एकाच कंपनीचा डीलर एका जिल्ह्यात झकास आणि शेजारच्या जिल्ह्यात ढिला असू शकतो. त्यामुळे यूट्यूबवर पंजाबातल्या मालकाने दिलेलं सर्टिफिकेट गडचिरोलीत कामाचं नाही.

आणखी एक. मशीनचा रंग कंपनीचा असतो, पण आत बऱ्याचदा इंजिन कमिन्सचं असतं, पंप कावासाकीचा असतो. मग इंजिन बिघडलं तर वॉरंटीत कोण येणार, मशीनचा डीलर की इंजिनवाला? हे सह्या करण्याआधी लेखी घ्या. नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

टिकाऊपणाचं मालकाला विचारू नका, तो स्वतःच्या खरेदीची बाजू घेतो. ऑपरेटरला विचारा. ज्या मशीनचा मीटर ८,०००-१०,००० तासांच्या पुढे गेलाय, तिथे जाऊन बसा. पंप कधी खोलला? तेल कुठून गळतं? आपल्या भागात जे मॉडेल भरपूर फिरतंय, जसं टाटा हिताचीचं ईएक्स २००, त्याचे जुने मिस्त्री सापडतात आणि विकताना गिऱ्हाईकही सापडतं. नवीन कंपनी दोन-चार लाख कमी लावते, तेव्हा हे त्यासमोर ठेवून तोला.

मेसेज पाठवणाऱ्या दोस्ता, तू तुझा तालुका कळवला नाहीस. तो कळव, आणि त्या पाच वस्तूंचा कागद दोन डीलरकडे फिरवून दोघांनी दिलेले दिवसही पाठव. मग सातबारा बाहेर काढू.