छायाचित्राच्या कागदाची निवड

जुन्या ट्रंकेंत एखादे वेळीं आजीच्या तरुणपणची निगेटिव्ह सांपडते. त्या वेळची छापलेली प्रत कधींच फाटून गेलेली असते. तेव्हां तो चेहरा पुन्हां दिसावयाचा तर सारी भिस्त या एका निगेटिव्हवर. ती अंधाऱ्या खोलींत नेऊन हातीं येईल त्या कागदावर छापली आणि चित्र राखेसारखें निस्तेज उतरलें, म्हणजे दोष निगेटिव्हच्या माथीं जातो. पुष्कळदां चूक कागदाच्या निवडींत असते.

या कागदावर जिलेटिनमध्यें मिसळलेल्या चांदीच्या क्षारांचा पातळ थर असतो. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जातांना तो मधल्या छटा किती दाखवितो, त्यावरून कागदाची श्रेणी ठरते. ० व १ या श्रेणी मऊ, २ मध्यम, तर ४ व ५ कठोर. मऊ कागद करड्या रंगाच्या अनेक पायऱ्या उतरत जातो; कठोर कागद दोनचार पायऱ्यांतच तळ गांठतो.

निवडीचा नियम यांतूनच निघतो. वैशाखांतल्या भर दुपारीं अंगणांत काढलेल्या फोटोंत पांढरें लुगडें लखलखतें आणि पदराखालचा चेहरा काळवंडतो. अशा निगेटिव्हला मऊ कागद द्यावा. श्रावणांतल्या ढगाळ दिवशीं घेतलेली, किंवा काळानें फिकी पडलेली निगेटिव्ह निस्तेज असते. तिला कठोर कागदानेंच उठाव येतो.

पूर्वीं प्रत्येक श्रेणीचें निराळें पाकीट बाळगावें लागे. १९४० सालीं इंग्लंडांतील इल्फर्ड कंपनीनें ‘मल्टिग्रेड’ कागद काढला व ही अडचण दूर झाली. अशा आजच्या कागदावर पिवळ्या फिल्टरनें मऊ आणि किरमिजी फिल्टरनें कठोर चित्र उतरतें. एकाच पाकिटांत सर्व श्रेणी सांपडतात.

दुसरा प्रश्न टिकाऊपणाचा. प्लॅस्टिकचा लेप दिलेला कागद पाणी शोषीत नाहीं. दोनचार मिनिटांत धुऊन होतो व सपाट वाळतो. सरावाला व नमुन्यांना तो सोयीचा. साध्या तंतुमय कागदांत मात्र हायपो खोल मुरतो. तो तासभर वाहत्या पाण्यांत धुवावा लागतो. हायपो राहिला तर चित्र पुढें पिवळें पडतें. परंतु नीट धुतलेल्या व कोरड्या जागीं जपलेल्या अशा प्रती शंभर वर्षांनंतरही सुस्थितींत आढळतात. नातवंडांसाठीं ठेवावयाची प्रत याच कागदावर काढावी.

पूर्ण कागद वापरण्यापूर्वीं त्याच कागदाची एक पट्टी कापून तिच्या भागांवर ५, १०, १५ व २० सेकंद प्रकाश द्यावा. लुगड्याच्या चुण्या ज्या भागांत स्पष्ट दिसतील, ती वेळ योग्य. मग त्याच भागांतील केसांकडे पाहावें. ते करडे दिसले तर एक श्रेणी कठोर घ्यावी. केसांची रेघही न दिसतां नुसता काळा डाग पडला तर एक श्रेणी मऊ. निर्णय पट्टी वाळल्यावरच करावा, कारण तंतुमय कागद वाळतांना किंचित् गडद होतो.

असे दोनतीन प्रयत्न झाल्यावर डेव्हलपरच्या ताटलींत प्रथम केस, मग डोळे आणि शेवटीं नथीचे मोती उमटूं लागतात. आजीला कधींही न पाहिलेलें नातवंड तेव्हां तिच्या चेहऱ्यांत आपल्या घरचा तोंडवळा ओळखतें.