बालवाडी : दिनक्रम आणि परिसर-सहली

सु. ३ ते ६ वर्षे वयाच्या मुलांच्या शालापूर्व शिक्षणाचे केंद्र म्हणजे बालवाडी. बालमंदिर, शिशुविहार, अंगणवाडी अशी निरनिराळी नावे तिला स्थळकाळपरत्वे मिळाली आहेत. प्राथमिक शाळेची लहान आवृत्ती असे तिचे स्वरूप नाही. या वयाचे मूल पाठ ऐकून शिकत नाही. वस्तू हाताळून, खेळून, मोठ्यांचे अनुकरण करून आणि अखंड बोलून ते शिकते. म्हणून चपला ओळीने ठेवणे, कुंडीतील रोपाला पाणी घालणे, खाऊ वाटताना तो सर्वांना पुरेल की नाही हे पाहणे यांसारख्या रोजच्या गोष्टी आणि कुंपणाबाहेरची फेरी हाच बालवाडीचा अभ्यासक्रम होय. परिसर-सहल ही वर्षाअखेरीस द्यावयाची मौज नसून दिनक्रमाचेच पुढे टाकलेले पाऊल आहे; हा संबंध तुटला की सहल निष्फळ ठरते आणि दिनक्रमही कंटाळवाणा होतो.

प्रत्यक्ष वस्तूपासून शिक्षणाचा आरंभ करावा, हा विचार स्विस शिक्षणतज्ञ योहान पेस्टालोत्सी याने मांडला. पुढे अनेक शाळांमध्ये त्याचे ‘वस्तुपाठा’त रूपांतर झाले : टेबलावर एखादी वस्तू ठेवावयाची आणि मुलांकडून तिचे गुणधर्म एका सुरात वदवून घ्यावयाचे. वस्तू समोर असूनही शिक्षण शाब्दिकच राहिले. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रबेल याने १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली व १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ (बालोद्यान) हे नाव दिले. बागकाम हा तिचा एक महत्त्वाचा भाग होता. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह सुरू केले. त्यात झाडणे, ओतणे, गुंड्या लावणे यांसारख्या जीवनव्यवहारांना शिक्षणाचा दर्जा मिळाला.

महाराष्ट्रातील बालवाडीला या परंपरांचा आधार आहे. तथापि तिचे खरे घडण येथील वाड्यापाड्यांतच झाले. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. नूतन बालशिक्षण संघाची स्थापना १९२६ मध्ये झाली. शहरातील सुस्थित मुलांपुरते बालशिक्षण मर्यादित राहते, ही ताराबाईंची खंत होती. त्यांनी १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ याच वर्षी त्यांच्या कार्यात सामील झाल्या. माँटेसरी साधने महाग व परदेशी घाटाची असल्याने त्यांच्या जागी शंखशिंपले, गोटे, चिंचोके, पाने, माती, बांबूच्या कांड्या आल्या. मध्यवर्ती बालवाडीपर्यंत जी मुले पोहोचत नाहीत, त्यांच्या वस्तीत शिक्षिकेनेच जावे आणि एखाद्या घराच्या अंगणात वर्ग भरवावा, यातून अंगणवाडीची कल्पना साकारली. १९५६-५७ च्या सुमारास हे कार्य डहाणू तालुक्यातील (सध्याचा पालघर जिल्हा) कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यात आले. तेथील आदिवासी मुले गुरांमागे जात, म्हणून ‘कुरणशाळा’ हा प्रयोग करण्यात आला. मोठी भावंडे लहानग्यांना सांभाळण्यासाठी घरी राहत, म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. मूल शाळेत येत नाही याचा दोष मुलाकडे अथवा पालकांकडे न देता शाळेनेच आपली जागा, वेळ आणि साधने बदलावयाची, हे या प्रयोगांमागील सूत्र होते. परिसर हा येथे सहलीचा विषय होण्यापूर्वीच शाळेची भूमी झाला होता.

बालवाडीचा दिवस साधारणपणे तीन ते चार तासांचा असतो. स्वच्छतेची पाहणी, प्रार्थना व गाणी, गप्पा, मुक्त खेळ, ज्ञानेंद्रियांच्या विकासाची साधने, गोष्ट, खाऊ आणि मैदानी खेळ असा त्याचा क्रम असतो. हा क्रम रोज तोच असावा. पुढे काय होणार हे ठाऊक असलेले मूल निर्धास्त असते. घड्याळ कळत नसले, तरी ‘गोष्ट झाली की खाऊ’ या अनुभवातून कालक्रमाची पहिली जाण त्याला येते. सकाळच्या गप्पांचे महत्त्व बहुधा दुर्लक्षिले जाते. ‘आमची शेळी व्याली’ असे एखादे मूल सांगते, त्या वेळी हाताची घडी घालावयास लावणारी शिक्षिका त्या दिवसाचा उत्तम पाठ गमावते. मूल घरी कोकणी, वारली, अहिराणी अथवा अन्य बोली बोलत असेल, तर प्रमाण शब्दाचा आग्रह प्रथम बाजूस ठेवावा लागतो. आपला शब्द शाळेत चुकीचा ठरतो, असे दिसले की मूल गप्प होते आणि ते मौन पुढे वर्षानुवर्षे टिकू शकते.

परिसर-सहल जवळची, लहान आणि वारंवार असावी. पायी दहा-पंधरा मिनिटांपलीकडे जाण्याची सहसा गरज नसते. मोठ्या शहरांतील काही बालवाड्या मुलांना बसने दूरच्या उद्यानात वा प्राणिसंग्रहालयात नेतात. एका दिवसात पन्नास प्राणी पाहिलेल्या मुलाच्या लक्षात बहुधा बसच राहते. त्यात मुलाची चूक नाही. त्या दिवशी ज्या एका वस्तूत ते पुरेसा वेळ बसले, ती बसच होती.

सहलीचे स्थळ शिक्षिकेने आधी स्वतः पाहून यावे. विहीर, वाहता रस्ता, मोकाट कुत्रे, मधमाश्यांचे पोळे यांची माहिती तिला असली पाहिजे. आठ-दहा मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असल्यास मुलांना थांबू देता येते. त्याहून कमी माणसे असतील, तर सारा वेळ मोजदादीत आणि दटावण्यात जातो. एखाद्या आईला वा आजोबांना बरोबर घ्यावे. आजोबांना झाडांची नावे शिक्षिकेपेक्षा अधिक ठाऊक असण्याचा संभव असतो. एका फेरीला एकच केंद्र ठेवावे, परंतु वाटेत मुंग्यांची रांग आडवी आली तर तिच्यासाठी थांबावे.

एकाच स्थळी पुन्हा जाण्याने जे साधते, ते नव्या स्थळांनी साधत नाही. ठाणे-पालघरच्या पट्ट्यात भाताचे एकच खाचर वर्षातून चार वेळा पाहता येते : उन्हाळ्यात राब भाजलेली काळी जमीन, जूनमधील पेरणीनंतर उगवलेली दाट हिरवी रोपे, पुढे चिखलात चाललेली लावणी (आवणी) आणि दिवाळीच्या सुमारास कापणी. चौथ्या खेपेस मुलांना ‘आधी’, ‘नंतर’, ‘वाढणे’, ‘पिकणे’ हे शब्द शिकवावे लागत नाहीत. ते त्यांच्या बोलण्यात आलेले असतात. किनाऱ्यावरील गावात भरती व ओहोटी अशा दोन्ही वेळी समुद्र पाहणे आणि वलांडीवर वाळत घातलेले बोंबील पाहणे यांतूनही हेच घडते. कुंभाराचे चाक व आवा, लोहाराचा भाता, आठवड्याचा बाजार ही जुनी पण अद्याप फलदायी स्थळे होत. शहरात इस्त्रीचे दुकान, पिठाची गिरणी, बांधकामावरील वाळूचा ढीग, टपालपेटी यांपैकी काहीतरी जवळ असतेच. मुलांनी चित्रे काढलेले पोस्टकार्ड बालवाडीच्याच पत्त्यावर पेटीत टाकावे. काही दिवसांनी पोस्टमन ते घेऊन येतो, तेव्हा पेटीत गेलेली वस्तू नाहीशी होत नाही, ही गोष्ट कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक पटते.

सहलीचा अर्धा भाग परतल्यावर सुरू होतो. झां प्याजे याच्या मते सु. २ ते ७ वर्षांच्या मुलाचे विचार प्रतीकांच्या साह्याने चालतात, परंतु अद्याप ते दृश्यरूपाच्या आहारी गेलेले असतात. बुटक्या पेल्यातील पाणी उंच पेल्यात ओतले की ते त्याला जास्त वाटते. अशा वयात पाहिलेले प्रश्नोत्तरांनी तपासण्यापेक्षा पुन्हा घडवू द्यावे. बाजार पाहून आलेली मुले दुसऱ्या दिवशी ठिकऱ्यांची नाणी करून दुकान मांडतात, भाव करतात, तागडी धरतात. मातीकाम, चित्रे, गोळा केलेल्या बियांचे रंगानुसार वा आकारानुसार गट पाडणे, हे याच क्रियेचे इतर प्रकार होत. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे : लालकाळ्या गुंजा आणि एरंडाच्या बिया मुलांना अत्यंत आवडतात, पण त्या विषारी असल्याने संग्रहात कदापि ठेवू नयेत. लहान बिया नाकात वा कानात घालण्याची या वयातील सवयही शिक्षिकेने ध्यानात ठेवावी.

दिनक्रमातून परिसर हद्दपार होण्याचे मुख्य कारण म्हणजे अक्षरे व अंक लवकर गिरवून घेण्याचा आग्रह. तीन वर्षांच्या मुलाच्या हाताची बोटे व मनगट लेखनासाठी सिद्ध झालेले नसते. ती सिद्धता माती मळण्याने, पाणी ओतण्याने, बिया निवडण्याने होते. पालकांना मात्र वहीतील पान दिसते, मळलेली माती दिसत नाही. संस्थाचालकांना हे ठाऊक असूनही पुष्कळदा ते पालकांच्या अपेक्षेपुढे नमतात. यशपाल समितीने १९९३ मध्ये दप्तराच्या ओझ्यासंबंधी अहवाल देताना शिशुवर्गातील प्रवेशासाठी होणाऱ्या चाचण्या व मुलाखती बंद कराव्यात, अशी शिफारस केली होती.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी यांबरोबर शालापूर्व शिक्षण हेही तिचे अंग आहे. प्रत्यक्षात सेविका व मदतनीस या दोघींवर आहार, वजने आणि नोंदी यांचा भार एवढा असतो की मुलांना घेऊन बाहेर पडण्यास मनुष्यबळ उरत नाही. सहलींच्या अभावाचा विचार करताना हे कारण सेविकेच्या अनास्थेपेक्षा आधी घ्यावे लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला असून अंगणवाडीतील मुलांनी जवळच्या प्राथमिक शाळेस भेट द्यावी, तेथील शिक्षकांना व विद्यार्थ्यांना भेटावे, असे सुचविले आहे. या भेटीत मुलाला वर्गाचे दार, पाण्याची जागा, स्वच्छतागृह आणि पहिलीच्या वर्गशिक्षकाचा चेहरा दाखविला जातो. जूनमध्ये शाळेत दाखल होण्यापूर्वी अशा दोन-तीन फेऱ्या झालेल्या असल्या, तर पहिल्या दिवशी त्याला तेथे सारेच अनोळखी नसते.