सांगाडे नाहीत, म्हणून लढाईच नाही?

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्याजवळ सतराव्या शतकातल्या यादवी युद्धाची रणभूमी सापडली असावी, अशी बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हाडे किती निघाली, तलवारी मिळाल्या का? ‘मुख्यतः शिशाच्या गोळ्या’ हे उत्तर ऐकले की लोक लगेच निकाल देऊन मोकळे होतात, मग तिथे लढाई झालीच नसणार! हा निकाल साफ चुकीचा आहे, आणि तो इतक्यांदा कानावर येतो की एकदा त्याची तड लावायलाच हवी. लढाई संपल्यावर रणांगणावर मागे काय राहत असे, याचा विचार करा. तलवार, चिलखत, बूट, अंगरखा या सगळ्याला किंमत होती. जिंकलेले सैनिक आणि आसपासचे गावकरी ते उचलून नेत, प्रेतांच्या अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेत. जे लोखंड मातीत राहिले ते गंजले. माती आम्लधर्मी असेल तर हाडेही विरघळली. शिसे मात्र टिकते, आणि चिखलात रुतलेल्या सुपारीएवढ्या गोळ्या वेचत बसायला तेव्हा कोणाला सवड नव्हती. म्हणजे ज्याला लोक किरकोळ समजतात, तोच सर्वांत भरवशाचा पुरावा आहे.

या गोळ्या बोलतात, फक्त त्या नीट पाहाव्या लागतात. पायदळाच्या मस्केट बंदुकीच्या साधारण बारा गोळ्या एका पाऊंडात बसत, म्हणजे एकीचे वजन 38 ग्रॅमच्या आसपास. घोडेस्वाराच्या पिस्तुलाची गोळी त्याच्या निम्म्याहूनही हलकी. त्यामुळे वजनावरून तिथे पायदळ होते की घोडदळ, याचा अंदाज येतो. साच्याची रेघ जशीच्या तशी असलेली गोलमटोल गोळी बहुधा न झाडताच हातातून पडलेली असते. चपटी झालेली कशावर तरी आदळलेली. काही गोळ्यांना कडेने सपाट पैलू पडलेले असतात. त्या तोफेत एकत्र ठासून उडवलेल्या, एकमेकींवर दाबल्या गेलेल्या गोळ्या. असा मारा जवळूनच करत, म्हणून त्या जिथे सापडतात तिथून तोफ फार लांब नव्हती. वॉरिकशायरमधल्या एजहिल इथे, रॅडवे गावाजवळ, 23 ऑक्टोबर 1642 रोजी राजाचे आणि पार्लमेंटचे सैन्य भिडले. पुरातत्त्वज्ञ ग्लेन फोर्ड यांच्या पाहणीत त्या शेतांतून एक हजारावर गोळ्या जागेच्या नोंदीसह गोळा झाल्या, आणि सैन्याच्या रांगांची दिशा आधीच्या नकाशांहून वेगळी मांडावी लागली. एकही कबर न उघडता हे कळले.

यावर आक्षेप येतो की या शिकाऱ्यांच्या गोळ्या असतील. काही असतीलही. पण शिकारीच्या गोळ्या रानभर विखुरतात. मस्केटच्या वजनाच्या शेकडो गोळ्या एका पट्ट्यात, सोबत बंदुकीच्या दारूच्या डब्यांची शिशाची झाकणे, असे शिकारीने होत नाही. उलट दोन-चार गोळ्या मिळाल्या म्हणून रणभूमी सिद्ध होत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून अभ्यासक ‘संभाव्य’ म्हणतात आणि कागदपत्रे ताडून पाहतात. नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या नेझबीची लढाई 14 जून 1645 ची. रॉबर्ट स्ट्रीटरने काढलेले तिचे चित्र जोशुआ स्प्रिगच्या 1647 च्या ग्रंथात छापले आहे आणि त्यात रणभूमीच्या कडेचे सल्बीचे कुंपण दिसते. तेच कुंपण आजही जागेवर असल्यामुळे चित्र जमिनीवर बसवता येते. लढाई एका मैदानात सुरू झाली नि तिथेच संपली, ही समजूतही इथे टिकत नाही; माघारीच्या वाटेवरच्या गोळ्या उत्तरेकडे लांबवर गेलेल्या आहेत. स्मारक जिथे लढाई तिथे, असेही नाही: नेझबीचा 1823 चा स्तंभ मुख्य रणभूमीपासून मैलाहून अधिक दूर उभा आहे.

आणि हाडे मिळाली म्हणजे रणभूमी मिळाली, हे तर मुळीच नाही. 2013 मध्ये डरहॅम कॅथेड्रलजवळ बांधकामात निघालेले सांगाडे 1650 च्या, स्कॉटलंडमधल्या डनबारच्या लढाईत पकडलेल्या स्कॉटिश कैद्यांचे ठरले. ते रणांगणावर पडले नव्हते. तिथून सुमारे शंभर मैल दूर, कैदेत मेले होते.

गोळ्यांच्या या पुराव्याला खरा धोका वेगळाच आहे. 1996 च्या इंग्लंडमधल्या खजिना कायद्यात अशी सुटी शिशाची गोळी सहसा बसत नाही, त्यामुळे जमीनमालकाची परवानगी असली की हौशी माणूस ती खिशात टाकून घरी नेऊ शकतो. जागेची नोंद गेली की त्या गोळीतून कळण्यासारखे जवळजवळ काहीच उरत नाही. तिकडे राहणारे कोणी मराठी वाचक मेटल डिटेक्टर घेऊन शेतात जात असतील, तर त्यांना विनंती: प्रत्येक गोळीची जागा जीपीएसवर टिपा, वजन लिहा आणि सापडलेल्या पुरावस्तूंची नोंद ठेवणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या स्थानिक अधिकाऱ्याला कळवा.